क्लार्क आणि फडणीस

इंग्लंडात मध्ययुगी लेखनवाचन बहुधा पाद्र्यांकडेच असल्यामुळे, धर्मोपदेशकाला लावले जाणारे ‘क्लेरिकस’ हे लॅटिन अभिधान हळूहळू लेखनिकमात्राला लागू पडले, व्यवसायावरून क्लार्क हे आडनाव रूढ झाले आणि घराण्याचे आडनाव मुलाला नाव म्हणून ठेवण्याच्या प्रघातामुळे ते पाळण्यापर्यंत जाऊन पोहोचले. 1901 साली अमेरिकेत जन्मलेला नट क्लार्क गेबल हे त्याचे प्रख्यात उदाहरण होय.

पुणेकरांना यातील पूर्वार्ध परका वाटू नये. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद व नवीस म्हणजे लिहिणारा. या फारसी शब्दांपासून फडणवीस, फडणीस ही रूपे सिद्ध झाली असे सामान्यतः मानतात. रोजकीर्द राखणे, जमाखर्चाचे तपशील ताडून पाहणे, सनदापत्रांची नोंद ठेवणे हा त्या हुद्द्याचा कारभार. आणि आज पेशवे दफ्तरातील मोडी कागदांचे रुमाल सोडले असता त्या शिस्तीचा जो प्रत्यय येतो, तो मला फार आदरणीय वाटतो. कोकणातील वेळासच्या भानू घराण्याकडे ही फडणिशी पेशवाईच्या आरंभी आली, आणि बाळाजी जनार्दन भानू हे इतिहासात नाना फडणवीस झाले.

आपल्याकडे मात्र हुद्दा आडनावापर्यंतच चढला. बारशाला कोणी मुलाचे नाव फडणीस ठेवीत नाही. पुण्यात बेलबागेच्या मंदिरात दर्शनाला जाल तेव्हा एवढे अवश्य स्मरावे, की ते मंदिर उभारणाऱ्या नानांचे मूळ आडनाव भानू होते.