घरचा सर्व्हर आणि मोडेमची निवड

मगाशी कुणीतरी विचारलं, "सर, घरी सर्व्हर ठेवायचा तर मोडेम कुठला घ्यावा?" मी म्हणतो, दुकानात जाण्याआधी आत्ताच्या मोडेमच्या सेटिंगमध्ये 'वॅन आयपी' बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तो पत्ता बाहेरच्या जगासाठी नाहीच. आयपीव्ही४चे पत्ते अपुरे पडू लागले, तेव्हा २०१२ साली हा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. बाहेर दिसणारा पत्ता एकच, मागे घरं अनेक. चाळीचं नाव आहे, पण खोली नंबर नाही! पोस्टमन दारातून परत जाणार. अशा वेळी कितीही महागडा मोडेम आणा, पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही. मी पैसे घालवून हे शिकलोय. कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्यावा लागतो, नाहीतर आयपीव्ही६ मिळतंय का ते बघायचं.

पत्ता खरोखर तुमचा असेल, तर मग डबा. फायबरवर बहुधा कंपनीचाच डबा चालतो, कारण तो लाइनवर नोंदवलेला असतो. तो 'ब्रिज मोड'वर करून मागा आणि मागे स्वतःचा राउटर लावा. नाहीतर दोन्ही डबे पत्ते बदलत बसतात आणि पोर्ट दोन ठिकाणी उघडावे लागतात.

आणि हो, पोर्ट गिगाबिटचे आहेत ना? १०० मेगाबिटच्या पोर्टमधून सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट जातात. प्लॅनमधला अपलोडचा आकडाही विचारा. सर्व्हरला तोच लागतो, जाहिरातीत मात्र डाउनलोडच मोठा दिसतो.