अर्धवट स्वेटरांची पिशवी

गोंदियाची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. विदर्भातल्या कमी तापमानाच्या बातमीत आमच्या गावाचं नाव नेहमीचंच. पण ही थंडी येते उशिरा नि जाते लवकर. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, घर पाहुण्यांनी भरतं, दंडार नि नाटकं बघण्यात रात्री जातात. विणकामाची पिशवी खुंटीवरच! मग हाती उरतात जेमतेम दोन महिने, आणि आपण मात्र चार-चार कामं सुरू करून बसतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पिशवीत यांचा बिनबाह्यांचा स्वेटर, नणंदेच्या बाळाचा स्वेटर, सासूबाईंची बंडी आणि क्रोशाचा टेबलक्लॉथ असं सगळं एकदम होतं. बाळाचा स्वेटर फेब्रुवारीत संपला. पुढच्या थंडीत तो त्याच्या डोक्यातून खाली उतरेना. सासूबाईंनी दोन्ही थंड्या जुन्या शालीवर काढल्या. एका शब्दानं बोलल्या नाहीत, म्हणूनच मला जास्त लागलं.

आता मी दोनच कामं हाती ठेवते. एक साधं सुलट विणीचं, गप्पा मारता मारता होणारं. दुसरं मोजून करायचं, दुपारी घर शांत असताना. गडद लोकर दिवसाउजेडी, फिकी रात्री. लहान मुलाचं काम सर्वांत आधी, आणि तेही दोन बोटं सैल. बाही खांद्याकडून मनगटाकडे विणली तर पुढच्या वर्षी उसवून वाढवता येते.

काम बाजूला ठेवायचं तर ओळ पुरी करूनच ठेवावं. मध्येच थांबलं की तिथले टाके ताणून राहतात. फार दिवस पडून राहणार असेल तर टाके जाड दोऱ्यावर घेऊन सुया मोकळ्या कराव्या. पण सुयांचा नंबर, टाके आणि झालेल्या ओळी चिठ्ठीवर लिहून ती कामालाच टाचावी. मी 10 नंबरच्या सुया दुसऱ्या कामाला लावल्या आणि परत आल्यावर 9 नंबरच्या घेतल्या. अर्धी पाठ घट्ट, अर्धी सैल! क्रोशाचं बरं असतं, एकाच टाक्याला पिन अडकवली की झालं. लोकर मात्र एकदमच घ्यावी, एकाच लॉटची. नंतर आणलेला गुंडा घरात सारखा दिसतो, उन्हात वेगळा.

"बाजारात तयार मिळतात की," असं यांचं म्हणणं. मिळतात खरे. आपल्याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ 1972 साली तिबेटी निर्वासितांची नोरग्येलिंग वसाहत झाली. हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी जाणं हा भारतातल्या कितीतरी तिबेटी कुटुंबांचा हंगामी धंदा. माल बहुतेक लुधियानाचा. शाळकरी मुलांसाठी मीही तयारच घेते. ती दरवर्षी वाढतात, विणून पुरं पडत नाही. पण सासूबाईंचा एक खांदा उतरलेला आहे आणि हात वर जात नाही. त्यांना समोरून पूर्ण उघडणारी, सैल काखेची बंडी हवी. ती कुठल्या दुकानात मिळायची?

यंदा तीच पहिली घेतली आहे. पाठ झाली, डावा पुढा काखेपर्यंत आला. टेबलक्लॉथ ट्रंकेत, कडुनिंबाच्या पाल्यात.