उतारावरची रिक्षा

जैसलमेरहून रिक्षाने निघायचं आणि कोची गाठायचं. मागून मदतीची गाडी येत नाही, रस्ता कुणी आखून देत नाही, मुक्काम कुठे पडेल ते रिक्षाच्या मर्जीवर. ‘द ॲडव्हेंचरिस्ट्स’ ही ब्रिटिश कंपनी ‘रिक्षा रन’ नावाने हा उद्योग 2006 पासून चालवते. पहिली फेरी कोची ते दार्जिलिंग होती, नंतर जैसलमेर आणि शिलाँगही नकाशावर आले. अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर, मुदत साधारण दोन आठवडे. येणारे बहुतेक परदेशी. पैसे भरून येतात, रिक्षा हौसेने रंगवून घेतात, सामाजिक कामांसाठी निधीही जमवतात. संपादकांना यात धमाल लेख दिसला. मला त्या इंजिनाचं कुतूहल होतं.

रिक्षाचं कूळ इटलीचं. कोराडिनो दास्कानिओ यांनी वेस्पा स्कूटरवरून 1948 मध्ये पियाजिओची तीनचाकी ‘आपे’ घडवली. बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना 1959 मध्ये मिळाला, आणि इंजिन मागे असलेली रिक्षा 1977 मध्ये आली. या मोहिमेत वर्षानुवर्षं धावली ती हीच जात. मागच्या सीटखाली दीडशे सीसीच्या आतलं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद साताच्या आसपास अश्वशक्ती. त्यावर तीन माणसं, त्यांच्या पिशव्या आणि टपावर बांधलेली स्टेपनी.

चिपळूणला हायवेलगत एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. उत्तरेकडून येणारी रिक्षा परशुराम घाट उतरून इथे पोचते. कधी चालत, कधी टेम्पोला दोर बांधून. मी विचारलं, “काका, घाट चढताना दमत असेल ना बिचारी?”

“चढावर ओरडते, पण मरत नाय. मरते ती उतारावर.”

हे आधी उलटं वाटलं. मग त्यांनी प्लग खोलला, हेड उतरवलं आणि ब्लॉक अलगद वर ओढून पिस्टन दाखवला. एका बाजूला उभे ओरखडे, नखाला लागतील इतके खोल. टू-स्ट्रोकमध्ये तेलाचं वेगळं भांडं नसतं. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, लिटरला साधारण वीस मिली. म्हणजे पेट्रोल जितकं आत जाईल तितकंच ऑइल पिस्टनच्या वाट्याला. उतारावर माणूस मूठ सोडतो. त्याला वाटतं, इंजिनाला विसावा मिळाला. पण रिक्षा गिअरमध्ये असते, चाकंच इंजिन फिरवत राहतात. पिस्टन तेवढ्याच जोरात वर-खाली होतो आणि ऑइल मात्र येतं थेंबभर. तापलेला पिस्टन फुगतो, ब्लॉकला धरतो, आणि क्लच वेळेत दाबला नाही तर मागची चाकं जागीच अडकतात. वळणावर!

उपाय दोन मिनिटांत शिकता येतो: उतरताना मधूनमधून क्लच दाबून मूठ पिळायची, म्हणजे ऑइल आत जातं. आपल्याकडच्या जुन्या रिक्षावाल्यांच्या हाताला ही सवयच असते. लंडनहून आलेल्या पोराला कोण सांगणार? मिस्त्री सांगतात, तेही हातवारे करून. मग प्लगचा रंग दाखवतात. चॉकलेटी असेल तर उत्तम, काळा-ओला असेल तर ऑइल जास्त, पांढरा पडला असेल तर थांबा, इंजिन तापतंय. पोरं फोटो काढतात. मिस्त्रींच्या मते फोटो काढणारे निम्मं विसरतात.

ही विद्या बघून मी खूश होतो, पण मुंबई-गोवा रस्त्यावर तासभर उभं राहिल्यावर खुशी ओसरली. रिक्षा शहरासाठी जन्मली. पुढे एकच चाक, त्यामुळे वळणावर वेग चुकला की ती कुशीवर पडते. पट्टा नाही, दरवाजा नाही. ती पन्नाशीच्या आत धावते आणि मागचा ट्रेलर तिला गृहीतच धरत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तीनचाकीला बंदी आहे, मुंबईत वांद्रे-शीवच्या दक्षिणेला रिक्षा जात नाही. या नियमांमागे काही विचार आहे. जीव जाऊ शकतो, असं आयोजक स्वतःच बजावतात. ठीक, येणारा ते वाचून, सही करून येतो. पण संगमेश्वरला रस्त्याकडेने शाळेत निघालेल्या पोरीने कुठे सही केलेली असते? साहसाची जबाबदारी अशी परस्पर दुसऱ्याच्या अंगावर टाकलेली मला पटत नाही.

मिस्त्री या वादात पडत नाहीत. अंधार पडल्यावर मात्र ते कुणाला सोडत नाहीत. समोरच्या लॉजवर पाठवतात. सध्या त्यांची अडचण वेगळीच आहे. गावातल्या रिक्षा सीएनजीवर गेल्या, काही बॅटरीच्या आल्या. टू-स्ट्रोकचा ब्लॉक-पिस्टन मागवला तरी चार-चार दिवस येत नाही, आणि बोअर मारून देणाऱ्या लेथवाल्याच्या मुलाने दुकानात मोबाइलची ॲक्सेसरी मांडली आहे. आता जुना ब्लॉक घासूनपुसून पुन्हा बसवायचा, आणि पोराला पुढच्या घाटात मूठ पिळायला सांगायचं.