नैराश्याचा रुग्ण आणि परिचारिकेची दक्षता

नैराश्य या विकारावर आज परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. १९५७ साली स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ रोलंड कून यांनी इमिप्रामीन या औषधाचा गुण वैद्यकजगतापुढे मांडला व त्यानंतर अशा औषधांची मालिकाच निर्माण झाली. तथापि एक अडचण कायम आहे. डोकेदुखीच्या गोळीप्रमाणे ही औषधे तासाभरात गुण देत नाहीत. त्यांचा स्पष्ट परिणाम दिसावयास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ हे त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच जाणवू लागतात. साहजिकच औषधाने आपण अधिकच बिघडलो, असे रुग्णास वाटते. हा मधला काळ त्याला सुखरूप पार करून देण्याची जबाबदारी प्रामुख्याने परिचारिकेवर येते. डॉक्टर दिवसातून एकदोनदा भेटतात. परिचारिका पाळीपाळीने अहोरात्र रुग्णाजवळ असते.

तीव्र नैराश्यात रुग्णाला पहाटे फार लवकर जाग येते आणि मनाची मरगळ सकाळीच सर्वांत अधिक असते. संध्याकाळी ती किंचित ओसरते. म्हणून रात्रपाळीच्या परिचारिकेने पहाटेच्या फेरीत जागा असलेला रुग्ण हेरून त्याच्याजवळ थोडा वेळ बसणे महत्त्वाचे ठरते. बोललेच पाहिजे असे नाही. ‘मनाला लावून घेऊ नका’ हा आपल्याकडील सर्वांत स्वस्त सल्ला. त्याने रुग्णाची अपराधी भावना वाढण्याचाच संभव अधिक. त्यापेक्षा ‘दहा वाजता पुन्हा येते’ असे सांगून खरोखरच दहा वाजता येणे अधिक उपयोगी पडते.

रुग्णाला भूक नसते. ताट भरून पुढे ठेवण्याऐवजी थोडे थोडे, अनेक वेळा द्यावे, आठवड्याला वजन घ्यावे. इमिप्रामीनसारख्या जुन्या औषधांनी एकदम उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. म्हणून रुग्णाने आधी खाटेवर बसावे व मग उठावे. गोळी समक्ष गिळली जाते की नाही हे पाहणे हा केवळ शिस्तीचा भाग नव्हे. गालात धरून साठविलेल्या गोळ्या एकाच वेळी घेतल्यास त्या प्राणघातक ठरू शकतात.

आत्महत्येचा विषय काढल्याने तो विचार रुग्णाच्या मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. जीव नकोसा वाटतो का, तसे काही योजले आहे का, हे परिचारिकेने शांतपणे, सरळ शब्दांत विचारावे. बहुतेकांना त्या प्रश्नाने मोकळेच वाटते. मिळालेले उत्तर मात्र गुप्त न ठेवता डॉक्टरांना व पुढील पाळीला कळविलेच पाहिजे.

सर्वांत फसवा काळ पुढेच असतो. उपचाराने अंगातील शक्ती अनेकदा आधी परतते, निराशा मागाहून ओसरते. आठवडाभर खाटेला खिळलेला रुग्ण उठून केस विंचरू लागला की नातेवाईक निश्चिंत होतात. परंतु आजवर जे कृत्य करण्याचे त्राण नव्हते ते आता असू शकते. एकाएकी आलेली शांतता, किंवा जवळच्या वस्तू इतरांना वाटून टाकणे, याची नोंद त्याच पाळीत झाली पाहिजे.

काही रुग्णांना विद्युत उपचार दिले जातात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याखेरीज हे उपचार करण्यास मनाई आहे. त्यानंतर काही काळ होणारा विसर बहुधा तात्पुरता असतो, हे रुग्णाला पुन्हा पुन्हा सांगावे लागते. याच अधिनियमाच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. अशा रुग्णाशी गुन्हेगाराप्रमाणे वागण्यास त्यामुळे आधार उरलेला नाही.

घरी जाताना कुटुंबीयांना स्पष्ट सांगावे लागते की, बरे वाटू लागल्यावरही औषध साधारणतः किमान सहा महिने चालू ठेवावयाचे असते व ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावयाचे असते. गोळ्या घरातील जबाबदार व्यक्तीने स्वतःकडे ठेवाव्यात. अडचणीच्या प्रसंगी ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य सल्ला मिळतो. घरी जाणाऱ्या रुग्णाच्या कागदावर हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून द्यावा.