दापोऱ्यातला अर्धा ‘र’

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात दापोरा नावाचे गाव आहे. या नावाला मराठी प्रत्यय लागला की ‘दापोऱ्यात’, ‘दापोऱ्याहून’ अशी रूपे होतात आणि त्यांत हिंदीला अपरिचित असे एक चिन्ह अवतरते : ‘ऱ्य’मधला आडवा, चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’. जिल्ह्याच्या नावातही तो आहेच. हिंदीत मात्र ‘बुरहानपुर’ लिहितात. तेथे त्याचे काम पडत नाही. राज्याची राजभाषा हिंदी असल्याने जळगावला लागून असलेल्या या भागात शासकीय पाट्या आणि कागदपत्रे हिंदी वळणाचीच असतात.

ग्राफिक डिझाइनचा विद्यार्थी प्रयोगशील मुद्रण करतो, इंटरॲक्टिव्ह प्रकल्प उभारतो, म्हणजे नेमके काय करतो, याचे उत्तर या एका अक्षरातून मिळू शकते. जाहिरातीत संदेश आधी ठरलेला असतो. प्रयोगात कागद, शाई, घडी आणि अक्षर हेच विषय होतात. एका पारदर्शक कागदावर ‘दापोर्यात’ आणि दुसऱ्यावर ‘दापोऱ्यात’ छापून दोन्ही एकमेकांवर ठेवले, तर डोळ्याला सरावाने न दिसणारा फरक उघडा पडतो. पडद्यावर हेच काम वाचकाच्या बोटाकडे सोपवता येते : कळ दाबली की अक्षर बदलते.

ते का बदलते? संगणक अक्षराचे चित्र साठवत नाही, क्रमांक साठवतो. ‘र’ आणि नुक्ता असलेला ‘ऱ’ यांना युनिकोडमध्ये वेगळे क्रमांक आहेत. पहिल्याला हलन्त आणि ‘य’ जोडला की रफार येतो, दुसऱ्याला जोडला की चंद्रकोर. चुकीची कळ दाबली तर ‘आचाऱ्यांना’ दिलेले लग्नाचे आमंत्रण ‘आचार्यांना’ पोहोचते. स्वयंपाकाचे काय होईल ते वेगळे.

‘ल’ आणि ‘श’ यांचे दुखणे निराळे आहे. पाकळीचा मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांचा क्रमांक एकच. फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असावी लागतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे ही खूणही पानात हवी. ती नसेल तर फॉन्टचे मूळ रूप उमटते, मग ते कोणतेही असो. अर्थात देवाणघेवाण एकतर्फी नाही. आज हिंदीत रूढ असलेले ‘अ’, ‘झ’, ‘ण’ हे मुंबई वळणाचे आहेत.

छपाईच्या साधनांनी भाषेचा पेहराव ठरवणे गोव्याला नवे नाही. भारतातील पहिला छापखाना 1556 मध्ये येथे सुरू झाला. तरीही फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन अक्षरांत छापावे लागले, कारण देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. आज खिळ्यांची ती अडचण उरलेली नाही. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट सुलेखनकार आर. के. जोशी यांनी घडवला, तर ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेच्या ‘अनेक’ या फॉन्टसंचात नऊ भारतीय लिप्या आणि रोमन एकत्र आहेत. त्याची जाडी आणि रुंदी सरकपट्टीने बदलता येते. तो विनामूल्य असल्याने आल्तिनोच्या कला महाविद्यालयातील किंवा दापोऱ्याच्या विद्यार्थ्याला सारखाच मिळतो.

दापोऱ्याच्या विद्यार्थ्याला मात्र एक जादा सामग्री जिल्ह्यातच उपलब्ध आहे. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत, जी सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी राजवटीत उभी राहिली, अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. उजवीकडून डावीकडे जाणारी एक लिपी, डावीकडून उजवीकडे जाणारी दुसरी, आणि दोन्ही एकाच वास्तूच्या दगडात. त्यांच्या छायाचित्रांवरून रेषा उतरवून घडीची पुस्तिका करायची झाल्यास पहिला प्रश्न असा पडेल की ती कोणत्या बाजूने उघडावी.