समुद्रावरून येणारा आवाज

मुंबईहून आखाताकडे निघालेलं विमान अरबी समुद्रावर साडेतीनशे-चारशे किलोमीटर आत गेलं की किनाऱ्यावरच्या रडारला दिसेनासं होतं. वैमानिकाचा नेहमीचा व्हीएचएफ रेडिओही तिथे निरुपयोगी ठरतो, कारण त्या लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी पडली गोल. मग उपयोगाला येते ती शॉर्टवेव्ह. तीच, जिच्यावर आपण रेडिओ सिलोनची गाणी ऐकली. या लहरी आकाशात शेकडो किलोमीटरवर असलेल्या विद्युतभारित थरावर आपटून परत खाली येतात. म्हणूनच भर समुद्रावरचं विमान जमिनीशी बोलू शकतं. आणि म्हणूनच ते बोलणं चिपळूणच्या आमच्या ओटीवरही ऐकू येई.

दादा कुवेतला नोकरीला होता. १९८८ साली रजेवर येताना त्यानं अण्णांसाठी एक जपानी रेडिओ आणला. त्यावर ‘एसएसबी’ असं लिहिलेली एक कळ होती. साध्या रेडिओवर विमानांचं बोलणं बदकाच्या क्वॅक-क्वॅकसारखं ऐकू येतं. ही कळ दाबायची आणि शेजारची बारीक चकती केसभर फिरवायची, की एका क्षणी बदकाचा माणूस होतो! दिवसा १०,०१८ किलोहर्ट्‌झ, रात्री ५,६५८. अंधार पडला की आकाशातले थर बदलतात, म्हणून विमानांनाही खालच्या पट्टीत उतरावं लागतं. गवयाचं असतं तसंच म्हणा ना.

बोलणं अगदी रुक्ष. विमानाचं नाव, ठिकाण, तिथे पोचल्याची वेळ, उंची, पुढचं ठिकाण आणि तिथे पोचण्याची अपेक्षित वेळ. ‘फ्लाइट लेव्हल थ्री थ्री झिरो’ म्हणजे तेहतीस हजार फूट. वेळ ग्रीनिचची, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. समुद्रावर ना गाव ना खांब, म्हणून ठिकाणं नकाशावरच मानलेली. रास्की, पारार, वॅक्सिम अशी पाच इंग्रजी अक्षरांची नावं आज तिथे आहेत. जमिनीवरचा माणूस ऐकलेलं सगळं परत म्हणून दाखवतो. खरखरीत एखादा आकडा हरवू नये, यासाठी ही घोकंपट्टी.

आमच्याकडे वैमानिकाचा आवाज खणखणीत येई, मुंबईचा मात्र खोल विहिरीतून आल्यासारखा. मधूनच दोन-दोन सुरांची जोडी वाजे. ती आम्हाला फार आवडायची. प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा संकेत असतो आणि प्रत्येक अक्षराचा एक सूर. जमिनीवरून ते सूर वाजवले की फक्त त्याच विमानात घंटी होते. त्यामुळे वैमानिकाला तासन्‌तास ती खरखर कानाशी घेऊन बसावं लागत नाही.

अण्णांचा एक दंडक होता. हे बोलणं आपल्यासाठी नाही. ऐकायचं आणि पोटात ठेवायचं.

या रुक्षपणामागे काय आहे, ते मला एका नियमामुळे कळलं. ठरलेल्या वेळेनंतर तीस मिनिटांत विमानाचा निरोप आला नाही, तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ते विमान ‘अनिश्चित’ अवस्थेत धरतात आणि शोधाशोध सुरू होते. म्हणजे ‘मी आहे’ एवढंच तो वैमानिक पुन्हापुन्हा सांगत असतो.

आता बरीच विमानं उपग्रहामार्फत मजकूर पाठवून हे काम करतात. शॉर्टवेव्ह हाताशी असते, पण तिच्यावरची वर्दळ ओसरली आहे. घरातली मुलं मोबाइलवर विमान बोटानं दाखवतात, वेगासकट.

१९९० साली यातलं काहीच नव्हतं. २ ऑगस्टला इराकनं कुवेत घेतलं आणि दादाची पत्रं थांबली. तिथले भारतीय बगदादमार्गे रस्त्यानं जॉर्डनमध्ये अम्मानला पोचत होते, आणि तिथून त्यांना मुंबईला आणलं जात होतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात विमानांच्या ४८८ फेऱ्यांतून एक लाखाहून जास्त माणसं आली. हा हिशेब मागाहून छापून आला. आमच्याकडे गौरी-गणपती होऊन गेल्यावर एकच तार आली होती : अम्मानला पोचलो, विमानाची वाट पाहतो.

त्या रात्रीपासून अण्णा ओटीवरून हलले नाहीत. विमान बोललं की वहीत क्रमांक आणि वेळ. आई आतून विचारायची, ‘आपल्यांपैकी कुणी बोलतंय का हो?’ अण्णा म्हणायचे, ‘बोलतोय तो वैमानिक. आपले मागे बसलेत.’ एकदा एका विमानाचा निरोप वेळेवर आला नाही. बारा मिनिटं गेली. मुंबईनं तीनदा हाक मारली. चौथ्या हाकेला उत्तर आलं, अगदी शांत, जणू काही झालंच नाही. आई देवापाशी जाऊन आली. त्या विमानात कोण होतं, कुणास ठाऊक.

दादा आठवड्याभरानं सकाळच्या एसटीनं दारात उतरला. दाढी वाढलेली, हातात प्लास्टिकची एक पिशवी. जेवण झाल्यावर अण्णांनी वही त्याच्यापुढे धरली. ‘यातलं तुझं कुठलं?’

‘मला नंबर नाही माहीत, अण्णा. बसलो तो झोपलोच. मुंबईला उठवलं.’

त्या रात्रीच्या वहीत सहा नोंदी होत्या. अण्णांनी पेन्सिल घेऊन सहाही नोंदींपुढे बरोबरची खूण केली.