पिकअप घ्यायचीय? आधी टेप घ्या!

मागे सायकली टाकायच्या आणि विकेण्डला थेट कोकण! स्वप्न झक्कास, पण गाडी कुठली? इसुझू व्ही-क्रॉस की टोयोटा हायलक्स?

व्ही-क्रॉसचं डिझेल इंजिन १.९ लिटरचं, टॉर्क ३६० न्यूटन-मीटर. २०२२मध्ये आलेल्या हायलक्सचं २.८ लिटरचं, ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क तब्बल ५००! रोज ऑफिस आणि कधीतरी घाट, एवढंच असेल तर व्ही-क्रॉस पुरे, ईएमआयही हलका. चिखल, खडे चढ नेहमीचेच असतील तरच हायलक्स.

दोघींनाही मागे पाटेच. त्यामुळे गाडी रिकामी असली की खड्ड्यात मागच्या सीटवरचे आई-बाबा उडणार! त्यांना टेस्ट ड्राइव्हला न्याच. आणि लांबी? सव्वापाच मीटरहून जास्त. बुकिंगआधी सोसायटीतलं पार्किंग मोजलंत ना?